सासूबाईंचं ‘करणं’ आणि आठवड्याचे ८३ पौंड ३० पेन्स

आपल्याकडे विचारतात, “सासूचं कोण करतं?” काय करतं, हे कुणी विचारत नाही. आंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं, एकच प्रश्न अकरा वेळा ऐकून अकराव्यांदाही न चिडता उत्तर देणं, हे सगळं त्या एका ‘करण्या’त आलं. ब्रिटनच्या सरकारी फॉर्मला मात्र एवढ्यावर भागत नाही. काय करता, दिवसातून किती वेळा, दर वेळी किती मिनिटं, रात्री उठावं लागतं का, लागत असेल तर किती रात्री? गेली चार वर्षं मी ही उत्तरं देते आहे. इथल्या बऱ्याच मराठी घरांत आता सत्तरी-ऐंशीची माणसं आहेत आणि निम्म्या घरांना या पैशांची कल्पनाच नाही, म्हणून लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात तसा मी या भत्त्यांचा लिहिते आहे.

निकाल आधीच सांगून टाकते. अटेंडन्स अलाउन्सला, म्हणजे ज्या वयस्कर माणसाला मदत लागते त्याच्या भत्त्याला, पाचपैकी चार तारे. केअरर्स अलाउन्सला, म्हणजे काळजी घेणाऱ्याच्या भत्त्याला, अडीच, आणि त्यातला दीड तारा सरकारी पेन्शनसाठी जमा होणाऱ्या क्रेडिटचा. आकडे २०२५-२६ चे आहेत आणि दर एप्रिलला बदलतात. नियम इंग्लंड आणि वेल्सचे धरा. स्कॉटलंडमध्ये नावंही वेगळी आहेत, तिथे केअरर सपोर्ट पेमेंट म्हणतात.

आमचं घर मिडलंड्समधल्या एका गावात. सासूबाई ८२ वर्षांच्या, या देशात येऊन त्यांना १९ वर्षं झाली. २०२१ साली डिमेन्शियाचं निदान झालं. मी एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळत होते, ते जानेवारी २०२२ मध्ये सोडलं. नवरा नोकरी करतो, त्यामुळे ‘तुमचं काय, एक पगार चालू आहे’ हे ऐकून झालेलं आहे.

पहिली गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण मलाच ती तीन महिने कळली नव्हती. केअरर्स अलाउन्स काळजी घेणाऱ्याला मिळतो, पण त्याची किल्ली ज्याची काळजी घ्यायची त्या माणसाच्या हातात असते. त्या माणसाला आधी आजारपणाचा किंवा अपंगत्वाचा भत्ता मंजूर व्हावा लागतो. पेन्शनचं वय उलटलेल्यांसाठी तो अटेंडन्स अलाउन्स, त्याखालच्या मोठ्या माणसांसाठी बहुतेक वेळा पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट), आणि त्यातलाही रोजच्या जगण्याचा भाग, नुसता चालण्याफिरण्याचा नव्हे. तो नसेल तर तुम्ही चोवीस तास राबलात तरी तुमचा अर्ज वाचलासुद्धा जात नाही. मी उलट्या बाजूने सुरुवात केली होती.

अटेंडन्स अलाउन्स तुमचं उत्पन्न बघत नाही, घर बघत नाही, बँकेतली शिल्लक बघत नाही, आणि त्यावर करही नाही. आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड. दिवसा किंवा रात्री मदत लागत असेल तर कमी दर, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा लागत असेल तर जास्त दर. मदतीची गरज सहा महिने तरी असावी लागते. माणूस शेवटच्या आजारात असेल आणि डॉक्टरांच्या मते वर्षभराच्या आतला काळ उरला असेल, तर ही सहा महिन्यांची अट नाही. इतक्या सरळ अटींचा सरकारी पैसा मी दुसरा पाहिलेला नाही. एक तारा कापला तो फॉर्मसाठी.

फॉर्मचं नाव एए१. २०२२ च्या मार्चमध्ये मी तो एका दुपारी भरून टाकला, मोठ्या आत्मविश्वासाने. प्रश्न: कपडे घालायला मदत लागते का? मी लिहिलं, थोडी. प्रश्न: जेवायला? हाताने जेवतात. प्रश्न: रात्री? कधीकधी उठतात. आपल्याला सवयच असते ना, कोणी विचारलं की ‘चाललंय, बरं आहे’ म्हणायची. घरातल्या माणसाचं उणं परक्याला सांगायचं नाही, त्यातून सासूचं तर नाहीच. सात आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. मी लिहिलं होतं ते वाचून मीही नकारच दिला असता.

नकारानंतर फेरविचार मागायला एक महिना मिळतो. त्या महिन्यात मी इथल्या केअरर्स सेंटरमध्ये, म्हणजे घरच्यांची काळजी घेणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेत, गेले. तिथल्या सल्लागार बाई साठीच्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चश्मा. त्यांनी माझा फॉर्म वाचला आणि विचारलं, “थोडी मदत म्हणजे काय? काल सकाळी नक्की काय झालं ते सांग.”

काल सकाळी काय झालं होतं? आई अजून साडीच नेसतात. नेसायला सुरुवात बरोबर करतात. एक वेढा घेतात, पदराचा अंदाज घेतात, निऱ्या घालायला लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या निरीला थांबतात. निऱ्या चिमटीत धरून तशाच उभ्या राहतात, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पुढे काय करायचं ते गेलेलं असतं, पण हात सोडायचा नाही एवढं आठवत असतं. मी गेले नाही तर तशाच उभ्या राहतील, आणि मी घाईने खोचायला गेले की हात झटकतात. मग परत पहिल्यापासून. परकर उलटा, ब्लाउजवर स्वेटर आणि त्यावर दुसरं ब्लाउज, असंही होतं. रोज सकाळी पाऊण तास.

हे सगळं मी तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं. साडी सहावार असते म्हणजे साधारण साडेपाच मीटर, तिला बटणं नसतात, हेही सांगावं लागलं. बाईंनी सगळं उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, “आणि याला तू थोडी म्हणतेस?”

त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या, आणि खरं तर हा रिव्ह्यू त्या दोन गोष्टींपुरताच वाचलात तरी चालेल. एक म्हणजे फॉर्ममध्ये वाईट दिवस लिहायचा. आठवड्यातले पाच दिवस वाईट असतील तर तो आकडाही लिहायचा. नुसतं हाताने केलेलं कामच मोजतात असं नाही, शेजारी उभं राहून ‘आता ही गोळी, आता पाणी’ म्हणणं हीसुद्धा मदतच. लक्ष ठेवणंही मोजतात. दुसरी गोष्ट, वही. उशाशी एक वही ठेवायची आणि वेळ टाकून लिहायचं. माझ्या वहीतली एक रात्र अशी आहे:

१.१० – दारात उभ्या, चपला घालून. ‘गाडी चुकेल.’ परत झोपवलं, २५ मि.
२.४५ – बाथरूम. दिवा सापडला नाही. कपडे बदलले, चादर बदलली.
४.०० – हाका. स्वतःच्या आईला.
४.२० – परत हाका.

रात्रीच्या मदतीचं त्यांचं माप असं, की ती एकतर लांबलेली हवी, म्हणजे साधारण वीस मिनिटांच्या वर, नाहीतर पुन्हापुन्हा, म्हणजे दोनदा किंवा जास्त. वरच्या रात्रीत दोन्ही आहे, पण ती रात्र पुढच्या वर्षीची. फेरविचारात आधी कमी दर मिळाला, कारण तेव्हा रात्री बऱ्या जात होत्या. पुढच्या वर्षी त्या बिघडल्या, वही जोडून कळवलं आणि जास्त दर लागू झाला.

एक युक्ती आहे, ती कायदेशीरच आहे. फॉर्म इंटरनेटवरून छापून घेण्याऐवजी हेल्पलाइनला फोन करून मागवला, तर फोन केला ती तारीख अर्जाची धरतात, भरलेला फॉर्म सहा आठवड्यांत पोचला म्हणजे झालं. फॉर्म भरायला माझ्यासारख्या बाईला पाच आठवडे लागतातच. ते पाच आठवडे फुकट जात नाहीत.

आता केअरर्स अलाउन्स, माझ्या नावावर येणारा. आठवड्याला ८३.३०. अट अशी की आठवड्याला किमान ३५ तास त्या माणसाचं ‘करावं’ लागतं. मी हिशेबाच्या कामातली, त्यामुळे भागाकार केल्याशिवाय राहवलं नाही: तासाला २ पौंड ३८ पेन्स. याच वर्षी २१ वर्षांवरच्या कुणालाही कामावर ठेवलं तर कायद्याने तासाला १२.२१ द्यावे लागतात. आणि ३५ तास ही किमान अट. मी शंभर तास केले तरी ८३.३०, सासूबरोबर सासऱ्यांचंही केलं तरी ८३.३०. माझ्या मैत्रिणीने अडीच वर्षं आई आणि वडील दोघांचं केलं, तिला भत्ता एकाचाच. एका म्हाताऱ्यामागे एकच केअरर, असाही नियम आहे. दोन बहिणी आळीपाळीने करत असतील तर आपसांत ठरवा कुणाच्या नावावर घ्यायचा ते, नाहीतर घरात वेगळंच सुरू होतं.

अर्ज मात्र सोपा. ऑनलाइन तासाभरात होतो, निऱ्यांबद्दल काही विचारत नाहीत. अटेंडन्स अलाउन्सचं मंजुरीचं पत्र आल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज केला तर तो भत्ता सुरू झाला त्या तारखेपासूनचे पैसे मिळतात. मी अकराव्या आठवड्यात केला. उशीर करू नका.

आणि आता सापळा. अलाउन्स घेताना नोकरी करता येते, पण कमाई आठवड्याला १९६ पौंडांपर्यंतच. कर, नॅशनल इन्शुरन्स (सरकारी पेन्शन वगैरेसाठी पगारातून कापतात ते पैसे) आणि खासगी पेन्शनच्या वर्गणीचा अर्धा भाग वजा जाता उरते ती कमाई. मर्यादेच्या आत असाल तर पूर्ण ८३.३० मिळतात. मर्यादेच्या वर एक पौंड गेला तर शून्य. हळूहळू कमी होणं वगैरे प्रकार नाही, थेट कडेलोट. वर्षभर दर आठवड्याला एकेक पौंड जास्त कमावलात, म्हणजे सगळे मिळून ५२ पौंड, तर परत करायचे ४,३३१.६०. हे कुणाला सांगितलं की समोरचा म्हणतो, तुझी काहीतरी चूक होतेय. चूक नाही. हजारो केअररांना अशी वसुलीची पत्रं गेली, २०२४ मध्ये वर्तमानपत्रांतून त्यावर मोठं वादळ उठलं, सरकारने अपंगांच्या हक्कांच्या जाणकार लिझ सेस यांच्याकडे चौकशी सोपवली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांचा अहवाल आला. कमीजास्त होणाऱ्या पगाराची सरासरी कशी काढायची याच्या, भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याच्या सूचनाच २०१५ पासून कायद्याला धरून नव्हत्या, असं त्यातून समोर आलं. जुनी प्रकरणं पुन्हा तपासायचं सरकारने कबूल केलं आहे. तुमच्याकडे असं जुनं पत्र पडलं असेल तर टाकू नका.

मी २०२४ पासून एका शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायला जाते. तेवढे तास आईंजवळ एक बाई येऊन बसतात. त्यांना देतो ते पैसे, जवळच्या नात्यातलं माणूस नसेल तर, निम्म्या कमाईपर्यंत हिशेबातून वजा करता येतात. ही सवलत फारसं कुणी सांगत नाही. तेव्हा मर्यादा १५१ होती. हेडबाईंनी आणखी एक दुपार देऊ केली. मुलं मला आवडतात, कामही आवडतं, आणि मी फळ्यावरचं पुसायचं डस्टर हातात धरून मनातल्या मनात बेरीज करत उभी होते. नाही म्हणाले. त्यांना वाटलं, घरी सासूमुळे जमत नसेल. दुपारच्या पैशांमुळे जमत नाही हे सांगायला मला लाज वाटली. एप्रिल २०२५ मध्ये मर्यादा १९६ झाली तेव्हा मी स्वतः जाऊन ती दुपार मागून घेतली.

नोव्हेंबरात शाळेच्या पगारवाढीची एप्रिलपासूनची थकबाकी एकरकमी हातात पडली. इतरांनी ख्रिसमसची खरेदी केली, मी त्याच संध्याकाळी पगाराच्या चिठ्ठीचा फोटो काढून ऑनलाइन कळवलं आणि स्क्रीनशॉट ठेवला. कमाई बदलली की कळवायचं, आणि कळवल्याचा पुरावा ठेवायचा. विचारलं कधी कुणी तर हातात कागद हवा.

मग हा भत्ता का घ्यायचा? दीड तारा सांगितला ना, त्यासाठी. अलाउन्स चालू असलेल्या प्रत्येक आठवड्याला नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट आपोआप जमा होतं. पूर्ण सरकारी पेन्शनला साधारण ३५ वर्षं भरावी लागतात, काहीही हाती लागायला निदान १०. मी या देशात २००२ साली आले, आधीची नोकरी सगळी तिकडची. माझ्यासारखीने ऐन पन्नाशीत दोन-तीन वर्षं घरी बसून काढली की ती वर्षं कोरी जातात. माझी गेली नाहीत. ज्यांना अलाउन्स मिळत नाही, म्हणजे ३५ तास भरत नाहीत पण २० भरतात, त्यांच्यासाठी केअरर्स क्रेडिट आहे. पैसे नाहीत, नुसतं क्रेडिट. तेही घ्या. कितीतरी जणी हे फुकटचं सोडून देतात.

इतिहासाचं एक पान मला केअरर्स सेंटरमध्येच कळलं. हा भत्ता १९७६ साली दुसऱ्या नावाने सुरू झाला आणि तेव्हा तो नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बायकांना मिळतच नव्हता. कारण? त्या तशाही घरीच असणार! जॅकी ड्रेक नावाच्या बाईंनी आईसाठी नोकरी सोडली होती. त्या युरोपच्या न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या, तेव्हा कुठे तो विवाहित बायकांना खुला झाला. म्हणजे ‘सुनेचं कामच ते’ हे फक्त आपल्याकडचं नाही तर.

आता ज्यांनी घाई करू नये त्यांच्यासाठी. तुमची आई किंवा वडील एकटे राहत असतील आणि त्यांना पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारे वेगळे सरकारी पैसे) गंभीर अपंगत्वाची जादा रक्कम मिळत असेल, तर तुम्ही केअरर्स अलाउन्स घेताच ती थांबते. ती आहे ८२.९०. तुम्हाला ८३.३० येणार, त्यांचे ८२.९० जाणार. घराला फायदा ४० पेन्स. नॅशनल इन्शुरन्सच्या क्रेडिटसाठी तरीही घ्यायचा का, हे आधी मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये बसून विचारा. आमचे शेजारी ७९ वर्षांचे, बायकोचं सगळं तेच करतात. त्यांना उत्तर आलं की तुम्ही पात्र आहात पण पैसे मिळणार नाहीत, कारण सरकारी पेन्शन चालू आहे. ते पत्र त्यांनी रागाने फेकलं होतं. पण ‘पात्र आहात’ या दोन शब्दांवर पेन्शन क्रेडिटमध्ये आठवड्याला ४६.४० जास्त मिळू शकतात. पत्र कचऱ्यातून काढलं, इस्त्री केली म्हणा ना, आणि अर्ज केला. मिळाले.

युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे पेन्शनच्या वयाखालच्या कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर, असाल तर तिथे केअररचा वेगळा भाग आहे, महिन्याला २०१.६८. त्याला १९६ ची मर्यादा लागू नाही. मात्र केअरर्स अलाउन्स घेतलात तर तो पौंडाला पौंड तिथून कापला जातो.

व्हिसावरच्या लोकांनी तर फारच जपून. पासपोर्टवर किंवा ई-व्हिसावर सार्वजनिक निधीचा आधार घेता येणार नाही अशी अट असेल तर हे भत्ते मागू नका, पुढच्या अर्जाला ते भोवतं. शिवाय मागच्या तीन वर्षांतली दोन वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं.

कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, अनुभव थोडक्यात. इंग्लंडमध्ये केअर अ‍ॅक्ट २०१४ नुसार केअररला स्वतःच्या गरजांची पाहणी मागायचा हक्क आहे. आमच्या कौन्सिलने पाच महिने लावले, मग एक तरुण मुलगा येऊन दीड तास फार छान बोलला, आणि एकदाच २५० पौंड मिळाले, ‘स्वतःसाठी’ खर्च करायला. मी पोहण्याचा पास काढला. चार वेळा गेले. दोन तारे. कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या घरपट्टीत, घरातली मोठी माणसं मोजताना डिमेन्शियाच्या माणसाला डॉक्टरांच्या दाखल्यावर मोजत नाहीत, पण मी आणि नवरा असे दोघे उरतोच, त्यामुळे आम्हाला काही सूट नाही. आईबरोबर एकट्या राहणाऱ्या माझ्या त्या मैत्रिणीला, वडील गेल्यावर, पंचवीस टक्के मिळाली. नोकरी करणाऱ्यांना एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा केअरर्स लीव्ह मागता येते, पहिल्या दिवसापासून. बिनपगारी. नवऱ्याने दोनदा घेतली, तारे त्याने द्यावेत.

गेल्या हिवाळ्यात आई पडल्या, खुबा मोडला, पाच आठवडे हॉस्पिटलात. २८ दिवसांनंतर अटेंडन्स अलाउन्स थांबतो, आणि त्याबरोबर माझाही. मी रोज जात होते, भरवत होते, कारण नर्सने दिलेलं त्या तोंडात घेत नसत. पण ते ‘करण्या’त धरत नाहीत. घरी आल्यावर फोन केला, दोन्ही परत सुरू झाले. आणि माणूस गेल्यावर माझा भत्ता आठ आठवडे चालू राहतो, मग बंद. हे मला पत्रकाच्या शेवटच्या पानावर सापडलं, आणि ते पान मी दुमडून ठेवलं आहे.

दरवर्षी नव्या दराचं पत्र येतं, आईंच्या नावाचं. त्या एकेकाळी बँकेत कॅशियर होत्या, आकडा दिसला की वाचतात.

“हे पैसे कुणाचे?”

“तुमचे, आई.”

“आणि तुला?”

“मला वेगळे येतात. त्र्याऐंशी.”

“रोजचे?”

“आठवड्याचे.”

त्या माझ्याकडे बघतात, मग पत्राकडे, मग घडी घालून पत्र माझ्या हातात देतात. “दुसरीकडे बघ,” म्हणतात, “इथे तुला कमी देतात.” पाच मिनिटांनी पत्र परत मागतात आणि आम्ही पहिल्यापासून सुरू करतो.